बारावीच्या पोरीला लॉ एन्ट्रन्सचा क्लास : पुणे, संभाजीनगर की घरीच?

अंबाजोगाईकर

रामराम मंडळी. लेक यंदा बारावीला आहे, कला शाखा. दहावीपर्यंत मराठी माध्यम. दहावीला मार्क चांगले पडले तेव्हा पाहुण्यारावळ्यांनी "लातूरला टाका, लातूरला टाका" म्हणून धोशा लावला होता. पोरगी म्हणाली, मला बेडूक कापायचा नाही अन् इंजिनही खोलायचं नाही, वकील व्हायचंय. आमच्या घरात आजवर कोर्टाची पायरी चढली ती फक्त बांधाच्या भांडणापायी. त्यामुळं या लाईनीचं मला काही म्हणजे काही कळत नाही.

पुण्यातला एक क्लास बघितला. फी, हॉस्टेल, मेस धरून लाखाच्या बराच वर जायलंय. संभाजीनगरला तिची मावशी गारखेड्यात राहते, तिथं एका क्लासची शनिवार-रविवारची बॅच आहे. लातूरच्या ट्यूशन एरियात पण फिरून आलो. गल्लीगल्लीत नीट अन् जेईईचे बोर्ड. लॉ म्हणलं की काउंटरवरचा पोरगा माझ्याकडंच बघायला लागला.

क्लॅट अन् सीईटी हे एकच का वेगवेगळं? क्लास लावावाच लागतो का? पोरीचं इंग्रजी बरं आहे, पण फाडफाड नाही.

उगाच एक

क्लास म्हणजे पैशाला काडी. सगळं यूट्यूबवर आहे. पोरगी हुशार असंल तर घरी बसून निघतंय, नसंल तर पुण्याला पाठवून पण निघत नाही.

फळा खडू

काका, सहा वर्षं अशाच क्लासात इंग्रजी शिकवायचो, आता सोडलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन परीक्षा वेगळ्या आहेत. क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. कागदावर, गोल काळे करायची ओएमआर शीट, 120 प्रश्न, 120 मिनिटं, चुकलं की पाव मार्क कापतात. गेली काही वर्षं डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या आधीच. पेपर फक्त इंग्रजीत. आपल्या संभाजीनगरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ, मुंबईचं, नागपूरचं, बेंगळुरूचं, सगळी यातूनच. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची मात्र आयलेट नावाची स्वतःची परीक्षा असते.

एमएच सीईटी लॉ ही राज्याच्या सीईटी सेलची. ती कॉम्प्युटरवर होते, प्रश्न मराठीत पण दिसतो अन् इंग्रजीत पण, आणि चुकलं तर मार्क कापत नाहीत. संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय, लातूरचं दयानंद, नांदेडचं नारायणराव चव्हाण, आणि मुंबई-पुण्याची बरीच नावाजलेली कॉलेजं, यांचे प्रवेश यातून होतात. बारावीनंतरची पाच वर्षांची अन् पदवीनंतरची तीन वर्षांची, अशा दोन वेगळ्या सीईटी असतात. तुम्हाला पाच वर्षांची लागेल. फॉर्म भरताना हमखास गोंधळ होतो तो इथंच, बघून भरा.

आता क्लासचं. 2020 पासून क्लॅटचा पेपर उताऱ्यांवर चालतो. साधारण 450 शब्दांचा उतारा आणि त्याखाली चार-सहा प्रश्न. इंग्रजी, चालू घडामोडी, लीगल रीझनिंग, लॉजिकल, आणि थोडंसं गणित तेही उताऱ्यावरच. गणित जेमतेम दहा टक्के, दहावीच्या पातळीचं. म्हणजे ही परीक्षा मुळात कायद्याची नाहीच, वाचनाची आहे. दोन तासांत पोराला जाड इंग्रजी वाचून त्यातलं नेमकं काय म्हटलंय ते धरता आलं पाहिजे. माझ्या बॅचला मी पहिले दोन महिने एकही प्रश्न सोडवू द्यायचो नाही. रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख, मोठ्यानं नाही, मनात वाचायचा, मग पेपर पालथा घालून मराठीत दोन ओळींत सांगायचं, लेखकाचं म्हणणं काय अन् तो कुणावर चिडलाय. पालक येऊन भांडायचे, की सर शिकवत नाहीत, नुसता पेपर वाचून घेतात.

उगाच एक भाऊ, यूट्यूबवर सगळं आहे हे खरं. पण यूट्यूब तुमचा पेपर पालथा घालून विचारत नाही.

सोयाबीन आणि बीए

मी पोळलेला माणूस आहे, म्हणून बोलतो. गेल्या वर्षी एका मोठ्या शहरात तीन वर्षांच्या सीईटीसाठी क्लास लावला. नाव घेत नाही. लॉची स्वतंत्र बॅच म्हणून फी घेतली, महिनाभरात बँकिंगवाल्या पोरांत नेऊन बसवलं. रीझनिंग सारखंच असतं म्हणे. लीगलचे सर चार महिन्यांत तीनदा बदलले. तिसरे आले ते जुन्या नोट्स घेऊन, जुन्या दंड संहितेची कलमं, खून म्हणजे 302, फसवणूक म्हणजे 420. अरे, तिच्या जागी भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, खून आता 103 मध्ये अन् फसवणूक 318 मध्ये. हे मी सांगितलं तर म्हणाले, "परीक्षेत जुनंच विचारतात."

मेसची भाजी तर सोडाच. वांगं होतं का बटाटा, हे ओळखायला पण लॉजिकल रीझनिंग लागायचं.

काळा कोट

@सोयाबीन, पावती आहे ना? केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची जानेवारी 2024 ची कोचिंगसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात लिहिलंय की विद्यार्थ्यानं मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी, हॉस्टेल अन् मेसच्या पैशासकट, दहा दिवसांत परत करावी. ती तत्त्वं आहेत, कायदा नाही, म्हणून क्लासवाला हात वर करतो. पण सेवेत त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता कायम उघडा आहे. त्यासाठी कागद लागतो. रोख देऊन चिठ्ठीवर सही घेतली असेल तर मग कपाळावर हात.

अंबाजोगाईकर, तुम्हालाही एक सांगतो. बॅनरवरच्या टॉपरच्या फोटोला भुलू नका. एकाच पोराचा फोटो तीन क्लासच्या बॅनरवर मी स्वतः बघितलाय. पोरगं खरोखर शिकलेलं असतं एका ठिकाणी, बाकी दोन ठिकाणी नुसत्या टेस्ट दिलेल्या असतात, नाहीतर मुलाखतीचं मार्गदर्शन घेतलेलं असतं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 13 नोव्हेंबर 2024 ला कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढले. फोटो लावायचा तर त्या विद्यार्थ्यानं कोणता कोर्स केला, किती दिवसांचा, पैसे भरून का फुकट, हे जाहिरातीत सांगायला लागतं. तुम्ही काउंटरवर नुसतं एवढंच विचारा, "हा पोरगा कोणत्या कोर्सला होता?" उत्तर देताना चेहरा बघा.

उगाच एक

म्हणजे मी म्हणलो तेच ना? पैशाला काडी.

परभणीची सून

नाही हो भाऊ, सगळ्यांचं तसं नसतं. माझं लग्न बीए झाल्या झाल्या झालं, मुलगी चार वर्षांची आहे. घरी अभ्यास म्हणजे काय असतं ते बाईमाणसाला विचारा. पुस्तक उघडलं की पाहुणे, पुस्तक उघडलं की दळण. सासूबाई वाईट नाहीत, पण त्यांच्या लेखी मी घरातच बसलेय म्हणजे रिकामीच आहे. क्लास लावला, रोज दुपारी दोन ते चार, तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं की मी काहीतरी करतेय. क्लासात शिकवलं ते निम्मं मला येतच होतं. मी फी दिली ती दोन तासांची.

एक माहिती : शासनाच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयानं कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींची शिक्षण फी अन् परीक्षा फी माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर. काका, उत्पन्नाचा दाखला अन् नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढून ठेवा. जातीचा असेल तर व्हॅलिडिटी पण. जूनमध्ये सेतू केंद्रावर कसली गर्दी असते ते बघितलंय ना?

कांचनवाडी तिसरं वर्ष

मी संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. गाव उदगीरकडचं, दहावीपर्यंत मराठी माध्यम. म्हणून काकांच्या मुलीची गोष्ट मला आपलीच वाटली.

क्लास केला होता का? हो, वर्षभर. पण मार्क कुठं वाढले ते प्रामाणिकपणे सांगते. पहिले चार महिने मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, 120 पैकी पस्तीस-चाळीसच्या वर सरकतच नव्हते. वर्गात सगळं कळायचं, मॉकला बसलं की कोरी पाटी. मग एका मॅडमनी मला वही घालायला लावली. प्रत्येक मॉकनंतर चुकलेला प्रश्न लिहायचा आणि शेजारी कारण : उताराच कळला नाही, उतारा कळला पण प्रश्न उलटा वाचला, का घाईत गोल चुकला. महिनाभरानं वही उघडली तर निम्म्याहून जास्त चुका एकाच रांगेत. प्रश्नातला "नॉट" माझ्या डोळ्यांना दिसतच नव्हता. इंग्रजीला दोष द्यायचे, अन् घोडं पेंड खात होतं दुसरीकडेच.

दुसरं, लीगल रीझनिंगची भीती. वर्गातले शहरातले, वकिलांच्या घरातले मुलगे तावातावानं केसची नावं फेकायचे. मला वाटायचं, आपण संपलो. पण पेपरात उताऱ्यातच नियम दिलेला असतो अन् तोच लावायचा असतो. ज्याला आधीच जास्त माहीत, तो उलट फसतो, कारण तो उतारा सोडून स्वतःचं ज्ञान वापरतो.

फळा खडू

अगदी बरोबर! हे मी वर्गात कसं शिकवायचो ते सांगतो, काका, म्हणजे तुम्हालाही कळेल पोरगी काय करणार आहे.

समजा उताऱ्यात नियम दिलाय : एखाद्यानं आपल्या जमिनीवर, जमिनीच्या नेहमीच्या वापराबाहेरची, सुटली तर नुकसान करील अशी वस्तू आणून साठवली आणि ती सुटून शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर त्यानं काळजी घेतली होती का नव्हती हे न बघता भरपाई द्यायची. हा नियम इंग्लंडमधल्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यातून आला, निकाल 1868 चा. रायलँड्सची गिरणी होती, तिला पाणी लागायचं म्हणून ठेकेदारांकडून तळं बांधून घेतलं. तळ्याखाली कोळशाच्या जुन्या सोडून दिलेल्या खाणींचे बोगदे होते. पाणी भरलं, बोगद्यातून शिरलं आणि शेजारच्या फ्लेचरची चालू खाण बुडाली. रायलँड्स म्हणाला, मला बोगद्यांचं काय ठाऊक? कोर्ट म्हणालं, पाणी तू आणलंस ना, मग दे.

आता हेच मराठवाड्यात आणा. गणपतनं शेततळं घेतलं. तळं फुटलं, शेजारच्या किसनची कपाशी वाहून गेली. वर्गातली शेतकऱ्यांची पोरं ताबडतोब गणपतच्या बाजूनं : सर, त्यानं काय मुद्दाम फोडलं का? सरकारनंच अनुदान दिलं की! भावना बरोबर आहे, पण उताऱ्यात "मुद्दाम" हा शब्द कुठंय? नाही ना? मग तो तुम्ही घरून आणला. घरून आणलेल्या शब्दाला शून्य मार्क, वर पाव मार्क कापून.

मग मी पुढं सरकायचो. समजा उताऱ्यात अपवाद पण दिलेत : देवाची करणी, शेजाऱ्याची संमती, शेजाऱ्याची स्वतःची चूक, तिऱ्हाइताचं कृत्य. ढगफुटी झाली तर? किसननंच रात्री चारी फोडली तर? गावातल्या टारगट पोरानं भिंत उकरली तर? प्रत्येक वेळी उत्तर बदलतं. अन् मग शेवटचा टप्पा, दिल्लीतल्या ओलियम वायूगळतीचा खटला. 1985 मध्ये गळती झाली, आणि सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धोकादायक उद्योग करणाऱ्याला यातला एकही अपवाद मिळणार नाही. दोन उतारे, दोन नियम, प्रसंग जवळपास सारखेच, उत्तरं वेगळी. हे एकदा पोराच्या डोक्यात बसलं की लीगलचा सेक्शन त्याला आवडायला लागतो. बाकी पाठांतर गेलं खड्ड्यात.

उगाच एक

एक शंका. शेततळं म्हणजे जमिनीचा नेहमीचा वापरच झाला की हो आता. दर दोन शेतांमागं एक आहे.

फळा खडू

भाऊ, तुम्ही खरंच क्लॅट द्या. वयाची अट नाही.

काळा कोट

इथं एक सावधगिरी. हे सगळं क्लॅटचं झालं. सीईटीत सरळ माहितीचे प्रश्न पण येतात : राज्यघटनेचं कलम, लॅटिन म्हणी, कायद्याचे मूळ शब्द. तिथं थोडं पाठ लागतंच. त्यामुळं फक्त क्लॅटचा क्लास लावून सीईटी आपोआप निघेल असं समजू नका.

आणि मराठीत पेपर दिसतो म्हणून हुरळून जाऊ नका. कायद्याची मराठी ही वेगळीच मराठी आहे. मी सीईटीच्या आधीच्या काळातला, मराठीतून शिकलेला. पहिल्या वर्षी पुस्तकात वाचलं, "अज्ञान व्यक्तीने केलेला करार". मला वाटलं, अडाणी माणसाचा करार. आठवडाभर चुलत्याला सांगत हिंडलो की अडाण्याचा अंगठा कोर्टात चालत नाही. मग सरांनी सांगितलं, अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचा, अन् सज्ञान म्हणजे त्यापुढचा. तसंच प्रतिफल, म्हणजे करारातला मोबदला, तसंच अपकृत्य, म्हणजे भरपाई द्यायला लावणारी चूक. इंग्रजीत प्रतिफलाला "कन्सिडरेशन" वाचलं तर ते पण रोजच्या अर्थानं चालत नाही. दोन्ही भाषांत शब्द नव्यानं शिकायचेच आहेत. म्हणून सराव करताना प्रश्न दोन्हींत वाचा, अडलं की दुसरीकडं बघा. स्क्रीनवर ती सोय आहे.

गंमत म्हणजे तालुका कोर्टात आलात की भाषा तिसरीच. फिर्याद, कैफियत, मुद्देमाल, वकालतनामा. फारसीच्या तालमीत तयार झालेली. ती कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत.

सोयाबीन आणि बीए

कोट सर, पावती सापडली. वॉशिंग मशीनमधून निघाली. शिक्का दिसतोय, रक्कम अर्धी.

काळा कोट

यूपीआयनं दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंट काढा. मेसेज करा, बोलू.

अंबाजोगाईकर

सगळ्यांचे लै आभार. पोरीला बसवून सगळं वाचून दाखवलं. वाचून दाखवलं म्हणजे, तिनंच मोबाईल ओढून घेतला. ती "कांचनवाडी" ताईंना विचारायलीय : मॉक किती द्यायचे? अन् पुण्याला गेलं की स्पर्धा कळते, असं मैत्रिणी म्हणतात, ते खरं का?

कांचनवाडी तिसरं वर्ष

तिला सांगा, मी आठवड्याला एकच द्यायचे, शेवटच्या दोन महिन्यांत दोन. मॉक दोन तासांचा, तर वही तीन तासांची. वही लिहायला वेळ नसेल तर मॉक देऊच नये. मैत्रीण आठवड्याला चार द्यायची अन् चारही वेळा तेच चुकायची. क्लासची टेस्ट सिरीज महाग वाटली तर आधी क्लॅटच्या संकेतस्थळावरचे जुने पेपर फुकट मिळतात, ते काढा. 2020 च्या आधीचे पेपर नुसते बघायला ठीक, ढंगच वेगळा होता.

पुण्याचं म्हणाल तर स्पर्धा कळते, खरंय. पण बारावीचं कॉलेज अंबाजोगाईत अन् क्लास पुण्यात, म्हणजे बोर्डाच्या प्रॅक्टिकल, हजेरी सगळ्यांशी मांडवली करत बसायचं. माझ्या बॅचमधल्या दोघी नोव्हेंबरमध्ये आजारी पडून घरी आल्या त्या परत गेल्याच नाहीत. घरची आठवण हा सिलॅबसमध्ये नसलेला विषय आहे, पण वेळ खातो. मावशी असेल तर माझं मत मावशीला.

अन् काका, आपल्या विद्यापीठात महाराष्ट्राचं अधिवास असणाऱ्यांना राखीव जागा आहेत. डोमिसाईल काढलं नसेल तर उद्याच जा.

फळा खडू

प्रवेश घेण्याआधी दोन दिवस डेमोला बसवा. रविवारच्या भाषणवाल्या डेमोला नाही, मधल्या वारी चालू वर्गात. मागच्या बाकावर. शिकवणाऱ्याकडं बघू नका, पोरं काय करतात ते बघा. सगळी नुसती फळ्यावरचं उतरून घेत असतील तर निघा तिथून. अन् विचारा, मॉकचा पेपर तपासून झाल्यावर त्यावर कोण बसतं, सर का ऑफिसबॉय.

परभणीची सून

अन् काका, क्लासच्या बाथरूमला कडी आहे का ते पण बघा. हसू नका. मुलीच्या बापाला सुचत नाही म्हणून सांगते.

*(एक महिन्यानं)*

अंबाजोगाईकर

मंडळी, धागा वर काढतो.

पुणं रद्द. संभाजीनगरची शनिवार-रविवार बॅच घेतली. डेमोला मधल्या वारी गेलो होतो, सरांनी सांगितल्याप्रमाणं मागं बसलो, पोरांना वाटलं इन्स्पेक्शनला आलो. कडी होती. फी तीन हप्त्यांत, चेकनं. बॅनरवरच्या पोराचं विचारलं तर मॅडम सरळ म्हणाल्या, हा फक्त टेस्ट सिरीजचा. खोटं बोलल्या नाहीत म्हणून तिथंच घातली. शुक्रवारी कॉलेज झालं की एसटीनं जाते, अर्ध्या तिकिटात, रविवारी रात्री येते. सोमवारी कॉलेजात झोपते, हे तिच्या आईला अजून माहीत नाही.

रोज अग्रलेख वाचायलीय. मला पालथा पेपर धरून मराठीत सांगते. पहिल्या मॉकला 31 आले. वही घातली आहे.

पण एक लफडं झालंय. तिनं त्या रायलँड्सचं सगळं घरी सांगितलं. तीन वर्षांमागं आमचं शेततळं झिरपून चुलतभावाचं सोयाबीन पिवळं पडलं होतं अन् मी त्याला, "पाऊसच तसा झाला" म्हणून वाटंला लावलं होतं. काल जेवताना पोरगी म्हणती, बाबा, भरपाई लागते. चुलतभाऊ शेजारीच बसला होता. आता तो रोज यायलाय.

काळा कोट

पाऊस किती झाला होता? देवाची करणी बसते का बघू. तळ्याला अस्तराचा कागद होता?

अंबाजोगाईकर

होता. उंदरानं कुरतडला.

काळा कोट

उंदीर अपवादात बसत नाही. मिटवून घ्या.